कल्पित व्हिडिओसाठी सरकारी वाटेल असा कागद करू नका

राजापूरच्या सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, कातळशिल्पं (खडकात कोरलेली जुनी चित्रं) घेऊन तुम्ही २०९० सालातला व्हिडिओ करताय. माणसं आणि मुलाखती खऱ्या, गोष्ट कल्पित, आणि लोक फसतील का ही धास्ती. तुम्ही लिहिलेलं वाचलं आणि माझं जुनं दुखणं वर आलं.

कॅमेरा, एडिटिंग तुम्हाला येतच असेल, ते सोडतो.

माझा व्हिडिओ समुद्राने गिळलेल्या गावाचा होता, शूटिंग सिंधुदुर्गातल्या एका बंदरात. एका शॉटसाठी नोटीस छापली: अमुक तारखेच्या आत घरं रिकामी करा. जावक क्रमांक, गोल शिक्का, सही, सगळं हुबेहूब. जेटीवरच्या शेडला खळीने चिकटवली. तेवढ्यात पाऊस आला, सामान उचलून पळालो, कागद तिथेच राहिला. सकाळी गेलो तर जवळच्या घरातल्या आजी पडवीत बसलेल्या. शेजारी सुकटीचा डबा आणि देव्हाऱ्यातले देव टॉवेलात बांधलेले. "रे बाबा, गाडी कधी येतली?"

नोटीस खोटी आहे एवढा खुलासा बोर्डावर लावा म्हणून एका कार्यालयात चार खेपा घातल्या. "आम्ही काढलीच नाही, तर खुलासा कसला?" शेवटी मीच घरोघर फिरलो. लोक घाबरलेले असताना दोन ओळी लिहायला काय जात होतं, याचा राग आजही जात नाही.

म्हणून माझं मत (मी वकील नाही, परवानग्यांचं स्थानिक पातळीवर विचारा): खोटा कागद नकोच. शेवटी येणारी सूचनाही कुचकामी, व्हॉट्सॲपवर तुकडे फिरतात. प्रत्येक फ्रेमच्या कोपऱ्यात २०९० साल ठेवा. आणि ज्यांची मुलाखत घ्याल त्यांना एडिट केलेला भाग आधी दाखवा, त्यांच्या तोंडी आपली वाक्यं घालू नका.

तुमच्याकडे खरंच इतकं अद्भुत आहे की बनवेगिरी लागणारच नाही. देवाचे गोठणे गावच्या सड्यावर कोरलेल्या माणसाजवळ होकायंत्राची सुई खरोखर भरकटते. होकायंत्र जमिनीवर ठेवा, शॉट न कापता दाखवा, बस्स. काही सड्यांवर गेंडा कोरलाय, आज कोकणात गेंडा कुठे आहे? 'ला जेते' (१९६२) ही फ्रेंच फिल्म बघितली नसेल तर बघा. अठ्ठावीस मिनिटं, जवळजवळ सगळी स्थिरचित्रं, तरी भविष्यकाळ पटतो.

शूटिंग सकाळी लवकर करा, तिरप्या उन्हात रेषा उठून दिसतात. दुपारी काहीच दिसत नाही, पण म्हणून त्या खडूने भरू नका आणि चपला घालून चित्रांवर जाऊ नका.