कोकणात पावसाळ्यात लहान कारली पिवळी पडून गळतात, कुठलं औषध मारावं?

तुमचा वेल देवगडजवळ परसात आहे, मांडव फुलांनी भरलाय, पण बोटाएवढी कारली पिवळी पडून गळतात आणि आंब्याच्या बागेतला फळमाशीचा सापळा वेलावर टांगूनही उपयोग झाला नाही, असं तुम्ही लिहिलंय.

औषध तूर्त राहू द्या. आधी गळलेली चार-पाच कारली उचला आणि सुरीने उभी चिरा. पिवळं पडणं दोन अगदी वेगळ्या कारणांनी होतं आणि दोन्हींचा उपाय वेगळा आहे.

आत काहीच नाही, बाहेरही डाग नाही, नुसतंच सुकून गेलंय, तर परागीभवन झालेलं नाही. आपल्याकडे आषाढ-श्रावणात हे फार होतं. कारल्याचं फूल पहाटे उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. नेमकी सकाळी सरींवर सरी आल्या की मधमाश्या फिरकत नाहीत, परागही भिजतात. मग ते काम आपण करायचं. पाऊस उघडला की नऊच्या आत मांडवाखाली जा. नर फुलाचा देठ लांब आणि बारीक असतो, मादी फुलाच्या मागे काटेरी इवलंसं कारलं असतं. नर फूल तोडून पाकळ्या काढा, मधला केशरी-पिवळा भाग मादी फुलाच्या मधल्या हिरव्या टोकावर हलकेच घासा. बोटाला पिवळी पूड लागली तर फूल कामाचं, ओलं चिकट लागलं तर दुसरं घ्या. फळ धरलं की दोन-तीन दिवसांत फुगलेलं दिसतं.

सुरुवातीला नुसती नर फुलंच येतात, त्याची काळजी नको. पण पुढेही मादी फुलं मोजकीच असतील तर युरिया बंद करा आणि मुख्य वेलाचा शेंडा खुडा. मादी फुलं बाजूच्या फुटव्यांवर जास्त येतात.

आता दुसरा प्रकार. कारलं एका अंगाला वाकडं झालंय, तिथे टोचल्याची बारीक खूण आणि सुकलेल्या डिंकासारखा चीक आहे, चिरल्यावर आत पांढुरक्या अळ्या वळवळतात, तर ती फळमाशी. आणि इथे तुमचा सापळा का चालला नाही तेही सांगतो. आंब्याच्या सापळ्यात मिथाइल युजेनॉल असतं, त्याला आंब्यावरच्या माशीचे नर भुलतात. वेलवर्गीय भाज्यांची माशी वेगळी, तिच्या नरांना क्यू ल्यूर लागतं. सापळ्याचा डबा तोच चालेल, आतली वडी बदला. दुकानात ‘फळमाशीची वडी’ एवढंच सांगितलं तर देवगडात आंब्याचीच हातात पडणार, म्हणून कारली-काकडीसाठी हवी असं स्पष्ट सांगा.

सापळ्यात फक्त नर मरतात, त्यामुळे तेवढ्यावर भागत नाही. घरच्या एक-दोन वेलांना सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे पिशवी. फळ धरल्याची खात्री झाली की लगेच जुन्या मच्छरदाणीच्या जाळीची सैल पिशवी चढवून देठाशी बांधा. वर्तमानपत्राची पिशवी आपल्या पावसात टिकत नाही. आणि किडकी कारली गायरीत किंवा कुंपणाबाहेर टाकू नका. अळी फळातून निघून मातीत कोषात जाते आणि तिथूनच नवी माशी वर येते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा, ऊन नसेल तर दीड-दोन फूट खोल पुरा. वेलाखालची माती अधूनमधून वरवर हलवत राहा.

फवारणीला माझा विरोध याचसाठी आहे. अळी फळाच्या आत असते, तिथवर औषध पोचत नाही, आणि फुलावर येणाऱ्या मधमाश्या मात्र मरतात. म्हणजे पहिला प्रकार आणखी वाढतो.

बुंध्याशी पाणी साचतंय का तेही बघा. आळं पावसाळ्यात खोलगट ठेवायचं नाही, मातीची भर घालून उंच करायचं.

पुढच्या खेपेला बी घेताना दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं ‘कोकण तारा’ मिळालं तर तेच घ्या. मध्यम लांबीचं, हिरवंगार, काटेरी कारलं, कापांना फार चांगलं. संकरित वाणाचं बी घरी धरण्यात अर्थ नाही. कोकण ताराचं एखादं चांगलं फळ मात्र वेलावरच नारिंगी होईपर्यंत ठेवा, पिशवीसकट. बियांवरचा लाल गर धुऊन त्या सावलीत वाळवा आणि पेरण्याआधी रात्रभर पाण्यात भिजत घाला, साल टणक असते.