रुजू म्हणजे रुजणे नव्हे

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत नव्याने नेमणूक झालेल्या शिक्षकांनी विचारले आहे की, मुख्याध्यापकांना द्यावयाच्या अहवालात ‘आज शाळेत रुजू झालो’ असे लिहावे की ‘हजर झालो’ असे लिहावे. त्यांच्या कन्नड नेमणूक आदेशात ‘कर्तव्यक्के हाजरागतक्कद्दु’, म्हणजे ‘कामावर हजर व्हावे’, असे शब्द असल्यामुळे एक ज्येष्ठ सहकारी ‘हजर’चा आग्रह धरतात, तर दुसरे सहकारी ‘रुजू’चा संबंध बी रुजण्याशी जोडतात आणि ‘गुरुजी, आता इथेच रुजा’ असा आशीर्वादही देतात.

आशीर्वाद अवश्य घ्यावा, व्युत्पत्ती मात्र घेऊ नये. ‘रुजणे’ हे घरचे, शेतातले क्रियापद आहे आणि ‘रुजू’ हा अरबी शब्द फारसी दफ्तरामार्गे आपल्याकडे आलेला आहे. दोघांची अक्षरे जुळतात, एवढ्यापलीकडे त्यांचे काही नाते नाही. या अक्षरसाम्याने जो घोटाळा केला आहे तो एका शिक्षकापुरता असता तर मी गप्प बसलो असतो. परंतु हल्ली बेळगाव-निपाणीकडील कोणत्याही शाळेच्या कार्यक्रमाची बातमी उघडावी, तर ‘विद्यार्थ्यांमध्ये वाचनसंस्कृतीची रुजवात झाली’, ‘मूल्यांची रुजवात करणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे’ अशी वाक्ये हमखास भेटतात. रुजवात, मूळ रूप रुजुवात, म्हणजे पेरणी नव्हे आणि सुरुवातही नव्हे. दोन नोंदी किंवा दोन माणसे समोरासमोर आणून ताडून पाहणे, याला रुजुवात म्हणतात. जमाखर्चाची रुजुवात घालतात, साक्षीदारांची रुजुवात घेतात. तेव्हा ‘मूल्यांची रुजवात केली’ या वाक्याचा सरळ अर्थ एवढाच निघतो की, कोणीतरी मूल्ये खतावणीशी ताडून पाहिली. ती ताळ्यात निघाली की नाही, हे बातमीदार सांगत नाही.

याहून विद्वान चूक म्हणजे ‘रुजू’ हा संस्कृत ‘ऋजु’ शब्दाचा तद्भव ठरविण्याची. शुद्धलेखनाचे मार्गदर्शन करणाऱ्या एका गृहस्थांनी मला ठासून सांगितले की, शिक्षकाने सेवेत सरळ मनाने प्रवेश करावा, म्हणून तो ‘ऋजु’ होतो. मराठीत ऋ चा उच्चार ‘रु’ होतो, या एका खुंटीवर ही सगळी व्युत्पत्ती टांगलेली आहे. ऋजु हे स्वभावाचे किंवा रेषेचे विशेषण आहे. ‘सेवेत ऋजु झाला’ असा प्रयोग संस्कृतात कोणी केल्याचे मला या गृहस्थांनी दाखवावे. आणि ‘रुजुवात’मधला शेवटचा ‘आत’ त्यांनी कोणत्या प्रत्ययाने सोडविला असता, हेही कळले असते तर बरे झाले असते. तो अरबी अनेकवचनाचा ‘आत’ आहे. जवाहिरात आणि खैरात या शब्दांत तोच आहे.

मूळ अरबी शब्द ‘रुजूअ’. अर्थ परतणे, वळणे, कोणाकडे तोंड करणे. बेळगावात ज्यांच्या शेजारी मुसलमान कुटुंबे आहेत, त्यांनी मृत्यूची वार्ता ऐकल्यावर उच्चारले जाणारे वाक्य अनेकदा ऐकलेले असते: ‘आपण अल्लाचेच आहोत आणि त्याच्याकडेच परतणारे आहोत.’ त्या अरबी वाक्यातील शेवटचा शब्द ‘राजिऊन’, म्हणजे परतणारे, हा याच धातूचा आहे. आता परतण्यापासून नोकरीवर दाखल होण्यापर्यंत हा शब्द कसा आला? सर्वसाधारण उत्तर असे दिले जाते की, वळणे, मग कोणासमोर जाणे, मग हजर होणे, आणि तेथे प्रवास संपला. मला हे उत्तर अपुरे वाटते, कारण ते मधला मुक्काम गाळते.

तो मुक्काम शोधण्यासाठी आपल्या सीमाभागाइतकी सोयीची जागा नाही, कारण येथे शेजारच्या भाषेने तो जपून ठेवला आहे. कन्नडात ‘रुजु’ म्हणजे सही. ‘रुजुवातु’ म्हणजे पुरावा. एकच शब्द घेऊन मराठी माणूस नोकरीवर गेला आणि कन्नड माणसाने त्याच शब्दाने कागदावर सही केली. या दोन टोकांना जोडणारा अर्थ एकच असू शकतो, तो म्हणजे ताडून पाहणे. नोंदीसमोर वस्तू आणली, ती जुळली, म्हणून पुरावा झाला. आणि जुळल्याची खूण म्हणून जे केले, ती सही. कन्नड त्या वाटेने पुढे गेली. मराठीचे काय झाले असावे, याविषयी माझे मत असे की, ‘रुजू’ होत होता तो माणूस स्वतः, पण एखाद्या यादीशी ताडला जाऊन. मोगली लष्करात घोड्यांना डाग देत आणि स्वारांची चेहऱ्यानिशी वर्णने लिहून ठेवीत, म्हणजे एकाच्या जागी दुसरा उभा करता येत नसे. आपला ‘चेहरेपट्टी’ हा शब्द त्याच घरचा आहे. सनदेत नाव एकाचे आणि समोर उभा तो हाच, असा मेळ बसला की माणूस रुजू. केवळ येऊन उभे राहणे म्हणजे रुजू होणे नव्हे.

एका अभ्यासू मित्राचा यावर आक्षेप आहे की, हे फार ओढून आणलेले आहे, आणि ‘रुजू’मध्ये पडताळणीची छटा आज कोणालाच जाणवत नाही. न जाणवणे हा व्युत्पत्तीविरुद्धचा पुरावा होत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. शिवाय कीर्तनकार कीर्तनाच्या शेवटी आणि वारकरी वारीच्या शेवटी ‘ही सेवा पांडुरंगाच्या चरणी रुजू होवो’ असे म्हणतात, तेव्हा सेवा पोहोचावी, एवढेच त्यांना म्हणायचे नसते. ती मान्य होऊन आपल्या नावे जमा व्हावी, अशी विनंती असते. हा हिशेबाच्या वहीतला अर्थ देवळात टिकला आणि कचेरीत पुसट झाला. ‘सेवा’ आणि ‘रुजू’ हे दोन शब्द मास्तरांच्या आणि वारकऱ्यांच्या तोंडी जोडीनेच येतात, हा मला योगायोग वाटत नाही.

आणि पडताळणी खरोखरच पुसट झाली आहे काय? नव्या शिक्षकांनी पहिला दिवस आठवावा. मुख्याध्यापकांच्या टेबलावर आदेशाची प्रत, त्याखाली दहावीचे आणि डीएडचे मार्क्स कार्ड, जातीचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र. मूळ प्रत एका हाताला, झेरॉक्स दुसऱ्या हाताला, आणि नावातील आद्याक्षर एका कागदावर ‘एस’ तर दुसऱ्यावर ‘एस. बी.’ आहे म्हणून थांबलेले पेन. यालाच रुजुवात म्हणतात. ती पुरी झाल्यावर शिक्षक मस्टरवर सही करतो, म्हणजे कन्नडात ‘रुजु’ करतो, आणि त्या सहीने मराठीत ‘रुजू’ होतो.

सीमाभागातील शिक्षकाच्या नोकरीचे बहुतेक कन्नड शब्द असे आपल्याच ओळखीचे निघतात, पण अर्थ बदलून बसलेले असतात. निलंबित शिक्षक कन्नडात ‘अमानतु’ होतो. आपण निवडणुकीत अनामत रक्कम जप्त झाली म्हणतो, तोच हा शब्द, ठेव म्हणून बाजूला काढलेला. नोकरीतून काढलेला शिक्षक ‘वजा’ होतो, आणि आपण मुलांना वजाबाकी शिकवितो. बदली म्हणजे ‘वर्गावणे’. मराठी बँकेत रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात ‘वर्ग’ होते, कन्नड शाळेत मास्तर होतो. आदिलशाही, पेशवाई आणि म्हैसूरची सुलतानी यांच्या दफ्तरांतून हे शब्द फिरत राहिले, आणि बेळगाव जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यात असल्यामुळे येथील कचेऱ्यांत मराठी वळणाचे शब्द अधिकच मुरले. हिशेबनीस ज्या शब्दांनी धान्य आणि पैसा लिहीत होता, त्याच शब्दांनी पुढे माणसे लिहिली गेली. ‘रुजू’ या पंक्तीत अगदी बेमालूम बसतो, आणि म्हणूनच त्याचा उगम हिशेबात आहे, असे मी म्हणतो.

आता ‘हजर’विषयी. शिक्षक रोज हजर होतो. रुजू तो नेमणुकीनंतर, बदलीनंतर किंवा लांब रजेनंतर होतो. रजेवरून किंवा निलंबनातून परत येणाऱ्याच्या बाबतीत तर मूळ अरबी अर्थच जसाच्या तसा लागू पडतो. हा भेद केवळ शैलीचा नाही. वेतन, ज्येष्ठता आणि परिवीक्षेचा, म्हणजे प्रोबेशनचा, काळ, जो कर्नाटकाच्या 1977 च्या नियमांनुसार दोन वर्षांहून कमी नसतो, हे सारे रुजू झाल्याच्या तारखेशी बांधलेले असते. रोजच्या हजेरीला आणि या तारखेला एकच शब्द वापरला, तर सेवापुस्तकाचे काही बिघडणार नाही, कारण ते कन्नडात आहे. मराठीचे मात्र बिघडते. कन्नडात ‘हाजरागु’ दोन्हीकडे चालते, म्हणून मराठीनेही तसेच करावे, हे ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे मला मान्य नाही.

काहीजण ‘रुजू’ टाळून ‘कार्यभार स्वीकारला’ असे भारदस्त लिहितात. सहशिक्षकाकडे कसला कार्यभार? कार्यभार मुख्याध्यापक स्वीकारतो, कारण त्याच्या ताब्यात कपाटांच्या किल्ल्या, साठा नोंदवही आणि अक्षरदासोहाची, म्हणजे शाळेतील माध्यान्ह भोजनाची, तांदळाची पोती येतात, आणि ती पोती मोजून घेतल्याशिवाय शहाणा मुख्याध्यापक सही करीत नाही.

‘कर्तव्यावर रुजू झालो’ हेही लिहू नये. कन्नडात ‘कर्तव्य’ म्हणजे कामाची पाळी किंवा ड्युटी, म्हणून ‘कर्तव्यक्के’ तेथे बरोबर आहे. मराठीत माणूस कामावर किंवा सेवेत रुजू होतो. कर्तव्य त्याला पार पाडावे लागते. शिक्षकाची कर्तव्ये 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये लिहिलेली आहेत: वेळेवर आणि नियमित येणे, अभ्यासक्रम ठरल्या मुदतीत पूर्ण करणे, प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पाहून गरजेप्रमाणे अधिक शिकविणे, पालकांच्या सभा घेणे. कलम 28 खासगी शिकवणीला मनाई करते. कलम 27 अशैक्षणिक कामांना जुंपण्यास मनाई करते, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांना वगळून. त्यामुळे ‘इलेक्शन ड्युटी’ला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न आमच्याकडील शिक्षकांना ‘रुजू’पेक्षा अधिक वेळा पडतो. ‘निवडणुकीचे काम’ म्हणावे. ‘निवडणूक कर्तव्य’ म्हटल्याने ते अंगाला कमी लागत नाही.

राहिला ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न, जो शिक्षकांनी पत्राच्या तळाशी विचारला आहे. मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा उकार दीर्घ लिहितात, म्हणून ‘रुजू’; ‘रुजुवात’मध्ये तो मधे येतो, म्हणून ऱ्हस्व. कार्यालयाला द्यावयाची प्रत कन्नडातच लागेल. शाळेच्या दप्तरी ठेवावयाच्या मराठी प्रतीत ‘वरील आदेशानुसार मी आज पूर्वाह्नी या शाळेत सहशिक्षक म्हणून रुजू झालो आहे’ एवढे एक वाक्य पुरे आहे. त्यातील ‘पूर्वाह्नी’ गाळू नये, कारण दुपारनंतर रुजू होणाऱ्याचे वेतन दुसऱ्या दिवसापासून धरतात.