घरातल्या साध्या वस्तूंचे फोटो काढताना प्रकाशाचे प्रयोग कसे करावेत? त्यासाठी लाइट विकत घ्यावे लागतात का?

लाइट आत्ताच घेऊ नका. खिडकी, टॉर्च, थर्माकोलचा तुकडा, काळा कार्डशीट आणि ट्रेसिंग पेपर एवढ्या सामानावर भरपूर शिकता येतं. वाट्या, बरण्या, भाज्या यांतली एकच वस्तू उचला आणि फोन स्टँडवर पक्का बसवा. मग वस्तूही हलवायची नाही आणि फोनही नाही, हलवायचा तो फक्त प्रकाश. बहुतेक जण उलटं करतात. प्रकाश आहे तसाच ठेवून वस्तू बदलत राहतात, आणि मग कुठल्या फोटोत नेमकं काय जमलं ते कळत नाही.

सुरुवातीला दगडी खलबत्ता घ्या. त्याच्यावर समोरून फोनचा फ्लॅश मारला की दगड सपाट, करडा दिसतो, कारण सावल्या सगळ्या दगडाच्या मागे जाऊन पडतात. आता खोलीतले दिवे घालवा आणि टॉर्च दगडाच्या बाजूला आणून असा धरा, की उजेड पृष्ठभागाला घासून जाईल. टाकीचा एकेक घाव उठून दिसेल, काठाची झीजही दिसेल. टॉर्च तसाच हळूहळू दगडाच्या मागे न्या. दगड काळोखात जाईल आणि कडेला फक्त एक उजळ रेघ राहील. हीच फेरी लसणाच्या गड्ड्याभोवती मारून पाहा. दगडाला बाजूचा प्रकाश मानवतो, लसणाला मागचा. मागून उजेड आला की पातळ सालीतून तो आरपार येतो आणि सालीवरच्या जांभळट शिरा दिसायला लागतात.

दुसरी गोष्ट दिवा केवढा मोठा, याची. सावलीची कड धारदार पडणार की विरघळत जाणार, हे दिवा किती वॉटचा यावर ठरत नाही. वस्तूच्या जागेवरून पाहिलं तर प्रकाश केवढ्या जागेतून येतो, यावर ते ठरतं. सूर्य प्रचंड मोठा, पण इतका लांब की आकाशात त्याची जागा जेमतेम अर्धा अंश, म्हणून दुपारच्या सावल्या कापल्यासारख्या पडतात. ढग आले की अख्खं आकाशच दिवा होतं आणि सावली विरते. घरात हेच काम खिडकीवर ताणलेलं जुनं पांढरं धोतर फार सुंदर करतं. टॉर्चपुढे ट्रेसिंग पेपर धरत असाल तर टॉर्च कागदाला चिकटवू नका. मग कागदावर रुपयाएवढं वर्तुळच उजळतं आणि प्रकाश होता तसाच कडक राहतो. टॉर्च मागे घ्या, कागद पूर्ण उजळू द्या, आणि तो कागद वस्तूच्या अगदी जवळ आणा.

अंतराचा हिशेब तर फारच उपयोगाचा आहे. लहान दिव्याचा प्रकाश अंतर दुप्पट झालं की चौथाई उरतो. दिवा वस्तूपासून 1 फुटावर आणि मागची भिंत दिव्यापासून 4 फुटांवर असेल, तर भिंतीला वस्तूच्या सोळाव्या हिश्शाएवढाच प्रकाश मिळतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ यायचा ते, वस्तूवर लॉक केलं की स्वयंपाकघरातली पिवळी भिंतसुद्धा जवळपास काळी पडते. काळा पडदा लावायची गरजच नाही.

आता धातू. माझा सगळ्यात आवडता भाग हाच आहे आणि बहुतेकांचं अडतंही इथेच. चिंचेने घासलेला पितळी तांब्या घ्या. त्याच्यावर कितीही प्रकाश टाका, मधे एक पांढरा ठिपका आणि बाकी सगळं काळपट. कारण चकचकीत धातूला स्वतःचा उजेड जवळजवळ नसतो, समोर जे असेल ते तो दाखवतो. तेव्हा तांब्यावर प्रकाश टाकायचा नाही, तांब्याला जे दिसतंय त्याच्यावर टाकायचा. एका बाजूला मोठा पांढरा कागद उभा करा आणि टॉर्च त्या कागदावर मारा. तांब्याच्या पोटावर वरपासून खालपर्यंत रुंद, मऊ झळाळी उतरेल. दुसऱ्या बाजूला काळ्या कार्डशीटची पट्टी, फोटोच्या चौकटीच्या अगदी बाहेर, उभी ठेवा. तांब्याची कड गडद रेघेने बांधली जाईल आणि गोलाई एकदम पटेल. कागद दोन बोटं सरकवला तरी झळाळीची रुंदी बदलते, ते डोळ्यांनी बघतच सरकवा. तुम्ही आणि तुमचा फोनही तांब्यात दिसणार, म्हणून गडद कपडे घाला, थोडे लांब जा, टायमर लावा. लेन्सपुढे लावायचा पोलरायझर फिल्टर इथे फारसा कामाला येत नाही. चिनी मातीच्या बरणीवरची किंवा पाण्यावरची चमक तो कमी करतो, उघड्या धातूवरची सहसा नाही.

काचेच्या पेल्याचं गणित निराळं, पण सोपं. मागे उजळ कागद असेल तर काचेच्या कडा काळ्या करायच्या, म्हणून दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. मागे काळं असेल तर बाजूंनी पांढरे कागद उजळवून कडा पांढऱ्या करायच्या. समोरून मात्र प्रकाश कधीच टाकू नका.

परतून येणाऱ्या प्रकाशाची ताकद बघायची असेल तर एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकाराचा 1930 मधला ढोबळ्या मिरचीचा फोटो शोधा. ‘पेपर नं. 30’ (पेपर म्हणजे इंग्रजीतली मिरची) या नावाने तो प्रसिद्ध आहे. मिरची त्याने पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली होती. नरसाळ्याच्या आतून परतलेल्या प्रकाशाने मिरचीच्या वळणांना जो उठाव आलाय, तो एरवी आला नसता. नरसाळं आपल्याही घरात असतं. आडवं ठेवा, त्याच्या तोंडात वांगं किंवा आल्याचा तुकडा ठेवा आणि खिडकीकडे थोडं थोडं फिरवत जा. थर्माकोलवरून परतणाऱ्या प्रकाशापेक्षा वेगळी, जरा धारदार झळाळी मिळते.

राहिल्या दोन तांत्रिक गोष्टी. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. खिडकीचा उजेड साधारण 5500 केल्विन, पिवळा बल्ब 2700च्या आसपास. दोन्ही एकत्र आले तर एक बाजू निळी आणि दुसरी नारिंगी होते, आणि कुठलंही व्हाइट बॅलन्स (फोनमधलं रंग जुळवायचं सेटिंग) दोन्ही बाजू सांभाळू शकत नाही. म्हणून खिडकीवर काम करताना घरातले दिवे बंद. मुद्दाम मिसळायचे असतील तर सूर्यास्तानंतरची पंधरा-वीस मिनिटं निवडा. बाहेर निळं आणि आत समईची वात, पितळेवर हे दोन्ही रंग फार देखणे उतरतात. आणि घरच्या विजेवरचा दिवा वापरत असाल तर आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे पुष्कळसे दिवे सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतात. फोटोत आडवे पट्टे दिसले तर फोनच्या प्रो मोडमध्ये (सेटिंग हाताने ठरवता येतात तो मोड) शटर 1/100 किंवा 1/50 सेकंदावर ठेवा. पट्ट्यांची अडचण नसेल, तर स्टँडवर फोन असल्यावर आयएसओ, म्हणजे फोनची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, 100च्या वर न्यायचं कारण सहसा पडत नाही.