बाबांना ‘हळू बोला’ हे सांगायचे कसे?

‘वडील बसमध्ये, गाडीत, दवाखान्यात मोबाइलवर फार मोठ्याने बोलतात, लोक वळून पाहतात, आम्हाला मेल्याहून मेल्यासारखे होते आणि सांगायला गेलो तर त्यांना राग येतो, यावर करायचे काय?’ हा प्रश्न समुपदेशनाच्या कामात माझ्याकडे निरनिराळ्या घरांतून येत असतो. बहुतेकदा तो मुख्य तक्रार म्हणून येत नाही. झोप, पैसा, वाटणी यांबद्दल बोलून झाल्यावर, निघता निघता विचारला जातो. एका कुटुंबाने मात्र या एकाच प्रश्नासाठी वेळ मागितला होता. त्यांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने तपशील बदलून ती हकिकत येथे मांडते.

मुलगी मुंबईत नोकरी करणारी, चाळिशीच्या आतली. वडील सत्तरी ओलांडलेले, कोल्हापूर जिल्ह्यातील शेतकरी. पत्नीच्या निधनानंतर वर्षातील काही महिने ते मुलीकडे राहत. दोघे महालक्ष्मी एक्सप्रेसने गावी निघाले असताना, रात्रीचे दहा वाजून गेल्यावर आणि डब्यातील दिवे मालवल्यावर, वडिलांना धाकट्या भावाचा फोन आला. त्यांनी स्पीकर लावला आणि ऊसतोडीची टोळी, तिला दिलेली उचल, कारखान्याची पाळी असे सगळे बोलणे खुल्या आवाजात सुरू झाले. वरच्या बर्थवरील प्रवाशाने हटकले, पण वडिलांना नव्हे, मुलीला. ती आधीच अवघडलेली होती, तिने सर्वांसमोर वडिलांना सुनावले, “बाबा, किती वेळा सांगायचं? लोक झोपलेत, एवढंही कळत नाही का?” वडिलांनी फोन बंद केला. त्यानंतर ते बाहेर फोन घेईनासे झाले, पुढे घरातही घेईनासे झाले आणि शेवटी गावाहून चुलत्यांनीच मुलीला विचारले, “दादा फोन का उचलत नाही? काही झालंय का?” तेव्हा ती माझ्याकडे आली.

तिची अपेक्षा अशी होती की मी बाबांना नियम समजावून सांगावेत. नियम तिने नीट गोळा केले होते आणि ते बरोबर होते. रेल्वे मंडळाने जानेवारी २०२२ मध्ये काढलेल्या सूचनांनुसार डब्यात मोबाइलवर मोठ्याने बोलणे आणि मोठ्या आवाजात गाणी लावणे यांस मनाई आहे, रात्री दहानंतर रात्रदिव्यांखेरीज इतर दिवे बंद करायचे आहेत आणि तक्रार आल्यास गाडीतील कर्मचाऱ्यांनी लक्ष घालायचे आहे. एप्रिल २०२३ मध्ये बेस्टनेही आपल्या बसगाड्यांत मोबाइलवर मोठ्याने बोलण्यास आणि हेडफोनशिवाय चित्रफिती लावण्यास बंदी केली. मी तिला एवढेच म्हटले की अनोळखी माणसांनी एकमेकांशी कसे वागावे यासाठी हे नियम केलेले आहेत. स्वतःच्या बापाला ते चारचौघांत वाचून दाखवले की त्यांतला नियम बाजूला राहतो आणि उरतो तो पाणउतारा.

वडिलांशी मी एकट्याने बोलले. सुरुवातीला त्यांनी फारसा प्रतिसाद दिला नाही. गावी फोनवर कुठे बसून बोलता, असे विचारल्यावर मात्र ते मोकळे झाले. “आमच्याकडं सोप्यात बसून चारचौघांदेखत बोलत्यात, ताई. कोपऱ्यात जाऊन कुजबुजणारा माणूस कायतरी लपवतोय असं समजत्यात. मी काय चोरी केली होती?” या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले, कारण मुलीच्या सांगण्यात हा भाग कुठेच आलेला नव्हता. वडिलांना शिष्टाचार ठाऊक नव्हता असे नाही; त्यांच्याकडे एक पक्का शिष्टाचार होता आणि तो ते पाळत होते. जिथे माणसे एकमेकांना तीन पिढ्या ओळखतात, तिथे सर्वांना ऐकू जाईल असे बोलणे हे सरळपणाचे लक्षण ठरते आणि फोन घेऊन उठून जाणे हा बसलेल्यांवरचा अविश्वास ठरतो. शहरातील बसमध्ये याच्या नेमके उलट आहे. तिथे खांद्याला खांदा लागलेला असतो, नजर वळवायलाही जागा नसते. आपण एकमेकांचे ऐकत नाही, असे धरून चालणे एवढेच अंतर अनोळखी माणसांमध्ये उरते आणि मोठ्या आवाजातील फोन तेवढेही मोडून टाकतो.

दोन्ही रीती आपापल्या जागी योग्य असल्या, तरी गाडीच्या डब्यात शहराचीच रीत चालली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते मी वडिलांनाही (त्यांना मी काका म्हणते) सांगितले. सोप्यातल्या माणसाला कंटाळा आला तर तो उठून घरी जाऊ शकतो. वरच्या बर्थवर झोपलेल्याला जायला जागा नसते.

त्यांना खरोखर न कळलेली गोष्ट वेगळीच होती. समोरासमोर बसलेली माणसे याहून मोठ्याने गप्पा मारतात, त्यांना कोणी काही म्हणत नाही, मग फोननेच लोकांना एवढे काय होते? त्यांची शंका अगदी रास्त होती आणि तिला संशोधनाने दिलेले उत्तर आहे. कॉर्नेल विद्यापीठातील लॉरेन एंबरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, एकाग्रतेची कामे करणाऱ्या व्यक्तींना कधी दोघांचे पूर्ण संभाषण, कधी एकाच माणसाचे सलग बोलणे, तर कधी संभाषणाची फक्त एक बाजू ऐकवली गेली. कामात घसरण झाली ती एकच बाजू ऐकताना. पुढे काय बोलले जाणार याचा अंदाज मन सतत बांधत असते आणि निम्मे बोलणे गाळलेले असले की तो अंदाज बांधता येत नाही, म्हणून लक्ष नको असतानाही तिकडे ओढले जाते. काकांनी हे ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हंजे कलगीतुऱ्यात नुसता सवाल ऐकायचा अन् जबाबाला मुकायचं.” मला याहून चांगले सांगता आले नसते. त्यावर त्यांनी लगेच बिनतोड मुद्दा काढला की आपण तर स्पीकर लावतो, म्हणजे दोन्ही बाजू ऐकू जातात. प्रयोगापुरते ते खरे आहे. पण स्पीकरमुळे आवाज दुप्पट होतो आणि पलीकडच्या माणसाचे घरगुती बोलणे त्याला न विचारता डब्यासमोर मांडले जाते. उचल किती दिली हे डब्याला कळलेले धाकट्या भावाला चालेल का, या प्रश्नावर ते गप्प झाले.

स्पीकर मुळात का लावतात, हे मात्र कोणी विचारलेच नव्हते. बोलताना ते माझ्या तोंडाकडे रोखून पाहत होते. मी फाइल काढण्यासाठी पाठ वळवून काही विचारले, तेव्हा उत्तर भलतेच आले. मी त्यांचा फोन पाहायला मागितला. वरच्या कडेची, कानाशी धरायची बारीक फट स्क्रीनगार्डने निम्मी झाकली होती आणि उरलेल्या भागात धूळ बसली होती. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ती फट साफ करून गार्ड बदलल्यावर थोडा फरक पडला. बाकीच्यासाठी श्रवण तपासणी आवश्यक होती. मुंबईत यासाठी वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे, शिवाय कान-नाक-घसा विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयांतही ही सोय असते. तपासणीत दोन्ही कानांची श्रवणशक्ती वयोमानाने कमी झालेली आढळली. अशा ऱ्हासात बहुधा उंच पट्टीचे ध्वनी आधी जातात. स, फ, त यांसारखी व्यंजने निसटतात, म्हणून माणूस ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाही’ असे म्हणतो. स्वतःचाही आवाज पुरेसा ऐकू येत नसल्याने तो नकळत वाढवला जातो. गोंगाटात तर धडधाकट कानांचा माणूसही आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी हे निरीक्षण १९११ मध्येच प्रसिद्ध केले होते. धावत्या बसमध्ये क्षीण कानांच्या माणसाला ‘हळू बोला’ एवढेच सांगणे म्हणूनच निरुपयोगी ठरते. ज्या घरातून ही तक्रार येते, तिथे आधी कान तपासा, मग स्वभाव, असे मी आता सांगते.

मुलीबरोबरच्या पुढच्या बैठकीत मी हे सारे तिच्यासमोर ठेवले. ती रडली, त्याबद्दल येथे अधिक लिहीत नाही. काकांची तिच्याबद्दल एकच मागणी होती, की तिने लोकांसमोर बोलू नये. मग खूण ठरली: आवाज चढला की तिने त्यांच्या मनगटाला हात लावायचा, शब्द काढायचा नाही. प्रवासाच्या दिवशी भावाला फलाटावरूनच फोन करायचा आणि गाडीत आलेल्या फोनला ‘पोचल्यावर बोलतो’ एवढेच उत्तर द्यायचे, असेही ठरले. काकांनी जाता जाता हेही सुनावले की दवाखान्यात दोन्ही कानांत इअरफोनची बोंडे घालून ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलणाऱ्या लेकीचा आवाज सगळ्यांत मोठा असतो. ते खोटे नव्हते. कान बुजलेल्या कोणालाच आपल्या आवाजाचा नीट अंदाज राहत नाही.

अशा प्रसंगी सहप्रवाशांनी काय करावे, हेही पुष्कळ जण विचारतात. राग साचण्याआधी, पहिल्या मिनिटांतच, ज्याचा आवाज आहे त्याच्याशीच बोलावे, त्याच्या मुलीशी किंवा सुनेशी नव्हे. आणि काय हवे ते नेमके सांगावे. “काका, स्पीकर बंद कराल का? इथं लोक झोपलेत,” हे पुरते. पहिल्याच वाक्यात अक्कल काढली की समोरच्याला आवाज कमी करणे म्हणजे हार पत्करणे वाटू लागते आणि तो मुद्दाम तसाच बोलत राहतो. ऐकलेच नाही तर तिकीट तपासनीस किंवा रेल्वेचा १३९ हा क्रमांक आहेच.

काकांनी श्रवणयंत्र घेतले. बसमध्ये त्यातून इंजिनाचाच आवाज जास्त येतो म्हणून ते काढून ठेवतात, पण फोन आता यंत्रातूनच ऐकतात, त्यामुळे स्पीकर लावावा लागत नाही. भावाशी रोज संध्याकाळी बोलणे पुन्हा सुरू झाले आहे. सोसायटीच्या बागेत मात्र त्यांच्या वयाचे चौघे जण एका फोनवर कुस्त्यांच्या चित्रफिती मोठ्या आवाजात लावून बसतात, आणि हेही बंद करायला सांगा, असा मुलीचा आग्रह होता. संध्याकाळची बाग म्हणजे रात्रीचा डबा नव्हे. शेजारच्या बाकावर कोणी असेल तर त्याला आधी विचारावे आणि नको म्हटले तर उठून दुसरीकडे बसावे, एवढे पुरेसे आहे, असे मी तिला सांगितले. तिला ते अजून पटलेले नाही.