मोटरहोम धुताना आधी छत

नवं मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी घेतलीत, मनापासून अभिनंदन! धुवायला घ्याल तेव्हा आधी छत, मग बाजू. बाजूंवर उतरणारे काळे ओघळ बहुतेक वरच्या मळाचेच असतात. छत ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचं असेल तर पेट्रोल-रॉकेलच्या जातीचा क्लीनर अजिबात नको, रबर फुगतं. सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. ओलं छत फार निसरडं असतं, शक्यतो शिडीवरूनच हात पोचवा.

फायबरग्लासच्या बाजूंवर जेलकोटचा, म्हणजे चकचकीत रेझिनचा, वरचा थर असतो. उन्हाने तो निस्तेज होतो, हात फिरवला की खडूसारखी पांढरी भुकटी लागते. त्यावर थेट मेण चोपडलं तर पैसे वाया. आधी पॉलिशने तो मेलेला थर काढा, मगच मेण; वर्षातून 2 वेळा तरी. आणि भांड्यांचा साबण मेण उतरवतो, म्हणून कार शाम्पूच घ्या. धुणं सावलीत, बॉडी गार असताना.

प्रेशर वॉशर मला पटत नाही. खिडक्यांच्या कडांवर किंवा छताच्या सीलंटवर (सांधे बुजवणाऱ्या लेपावर) जवळून मारलात तर पाणी आत शिरतं, आतलं लाकूड कुजतं, आणि ते महिनोन्‌महिने दिसतही नाही. अ‍ॅक्रिलिकच्या खिडक्यांना अमोनिया असलेला काचेचा स्प्रे लावू नका, बारीक तडे जातात.