कमल बस्ती आणि गावातले पारायण

प्रश्न : आमच्या गावात दरवर्षी ज्ञानेश्वरीचे पारायण होते आणि बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती हे जुने जैन मंदिर उभे आहे. सातआठशे वर्षांपूर्वीच्या या गोष्टींचा आजच्या जगण्यावर खरोखर काही प्रभाव उरला आहे का?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : रट्ट राजवटीत, इ.स. १२०४ च्या सुमारास बांधलेल्या कमल बस्तीत शिरल्यावर नजर आधी वर जाते, कारण छतातून खाली उमललेले दगडी कमळ पाकळी न पाकळी मोजता यावी इतके नेमके कोरले आहे. ते केवळ अवशेष नाही. तिथे जैन तीर्थंकर नेमिनाथांचे दर्शन घ्यायला भाविक आजही येतात.

ज्ञानेश्वरीचा प्रभाव मात्र मला याहून खोल वाटतो. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, गीतेचे तत्त्वज्ञान मराठीत आल्यामुळे संस्कृत न शिकलेल्या माणसालाही त्यावर विचार करता येऊ लागला. पसायदानात दुष्टांचा नाश मागितलेला नाही, त्यांचा वाकडेपणा जावा एवढेच मागितले आहे. भांडण मिटवायला बसलेल्या आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी हीच भूमिका मी अनेकदा ऐकली आहे. शिवाय ज्ञानेश्वरांनी विठ्ठलाला ‘कानडा’ म्हटले, हे सीमाभागातल्या आपल्या लोकांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आषाढीला पंढरीकडे निघालेल्या इथल्या दिंडीत मराठी अभंगाला कन्नड घरातला माणूसही टाळ धरतो.