वाचकांचे प्रश्न : स्लोव्हेनियाचे 1991

प्रश्न : जेमतेम 20 लाख वस्तीचा स्लोव्हेनिया 1991 मध्ये अवघ्या 10 दिवसांच्या लढाईत युगोस्लाव्हियातून बाहेर पडला, असे वाचले. हे कसे साधले?
– एक वाचक, सांगली

उत्तर : लढाई 10 दिवसांची होती हे खरे, पण तेवढेच पाहिले तर त्या वर्षाचे मर्म निसटते. सुरुवात 23 डिसेंबर 1990 च्या सार्वमताने झाली. झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक कौल हवा, अशी कडक अट होती. प्रत्यक्षात एकूण मतदारांपैकी 88 टक्क्यांहून अधिक लोकांनी स्वातंत्र्याला पसंती दिली. अंमलबजावणीसाठी 6 महिन्यांची मुदत होती आणि त्या काळात कायदे, संरक्षण दल, नोटा अशी सारी तयारी झाली.

25 जून 1991 रोजी स्वातंत्र्य घोषित होताच स्लोव्हेनियाने इटली आणि ऑस्ट्रियाकडील सीमेवरची नाकी ताब्यात घेऊन तेथे स्वतःच्या पाट्या लावल्या. सीमाशुल्क हे संघराज्याच्या उत्पन्नाचे मोठे साधन असल्यामुळे 27 जूनला युगोस्लाव्ह लष्कर निघाले ते या नाक्यांकडेच. स्थानिक संरक्षण दलाने मालमोटारी आडव्या लावून रस्ते अडवले आणि लष्करी छावण्यांचे वीज-पाणी तोडले. युरोपीय समुदायाच्या (आजच्या युरोपीय संघाचा पूर्वावतार) मध्यस्थीने झालेल्या 7 जुलैच्या ब्रिओनी करारानुसार स्वातंत्र्याची अंमलबजावणी 3 महिने थांबली. मृतांची एकूण संख्या शंभराच्या आत राहिली. तयारीचे श्रेय द्यायलाच हवे. परंतु स्लोव्हेनियात सर्ब वस्ती फारच थोडी असल्याने बेलग्रेडने (युगोस्लाव्हियाची व सर्बियाचीही राजधानी) तो प्रदेश सोडून दिला, हेही तितकेच निर्णायक ठरले. मोठी सर्ब वस्ती असलेल्या शेजारच्या क्रोएशियाच्या वाट्याला ते भाग्य आले नाही.

मुदत संपताच 8 ऑक्टोबरला टोलार हे नवे चलन आले. आधीच छापून ठेवलेल्या त्या नोटांवर त्रिग्लाव पर्वत होता, पण चलनाचे नावच नव्हते, कारण छपाईच्या वेळी ते ठरलेले नव्हते. ऑक्टोबरअखेर शेवटचे सैनिक कोपर बंदरातून जहाजाने गेले. सार्वमताला बरोबर वर्ष झाले त्या दिवशी राज्यघटना मंजूर झाली आणि 15 जानेवारी 1992 रोजी युरोपीय समुदायाची मान्यता मिळाली.

या वर्षाची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. युगोस्लाव्हियाच्या इतर घटक प्रजासत्ताकांतून येऊन स्थायिक झालेल्यांना नागरिकत्वाच्या अर्जासाठी 6 महिने दिले होते. ज्यांनी अर्ज केला नाही किंवा ज्यांचा अर्ज नाकारला गेला, अशा 25 हजारांहून अधिक रहिवाशांची नावे फेब्रुवारी 1992 मध्ये कायम वास्तव्याच्या नोंदीतून काढली गेली. त्यांतील काहींना युरोपीय मानवाधिकार न्यायालयाकडून न्याय मिळाला, तो 2012 मध्ये.